वाफ्याची बॉर्डर: विटा वाकल्या, वाळूनं दगा दिला, आता शहाबादी फरशी

तर मंडळी, विटांची बॉर्डर गेली. फुटली नाही, पडलीही नाही, नुसती हलली, पण अशी हलली की आता ती सरळ ओळ होती हे कुणाला सांगूनही पटणार नाही. हीच ती तिरप्या विटांची ओळ, एक कोपरा वर एक कोपरा मातीत, गेरू आणि चुना मारलेली, जिचा फोटो टाकल्यावर निम्म्या लोकांना शाळेची बाग आठवली आणि उरलेल्यांना एसटी डेपो. सोलापूरला जून-जुलै म्हणजे नुसते ढग दाखवून जायचं काम, खरा पाऊस सप्टेंबरचा, तो झाला, उघडीप मिळाली, आणि बघते तर गुलाबाच्या वाफ्याची अख्खी बाजू वाटेकडे झुकलेली.

आता गंमत ऐका. मागे लिहिलं होतं तसं मी मुद्दाम दोन तुकडे केले होते. गेटकडची बाजू चार इंच क्रश सँडच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) थरावर, आणि मागची, पपईकडची, थेट काळ्या मातीत चर काढून ठोकलेली, खाली थर नाही काही नाही. सगळे व्हिडिओवाले एकच सांगतात, खाली वाळू द्या, वाळूवर लेव्हल छान येते, पाणी निचरून जातं. मग जास्त कुठली हलली? वाळूवरची! दोरी मी गेटच्या खांबापासून कंपाउंडच्या कॉलमपर्यंत ताणली होती (मातीत खुंटी मारली तर काळ्या रानात ती खुंटीच फिरते, नवीन लोकांनी हे लक्षात ठेवा), त्या दोरीपासून वाळूवरच्या विटा जागोजागी दीड-दोन इंच सरकल्यात, आणि थेट मातीतल्या जेमतेम पाऊण इंच. दोन्हीकडे वीट एकाच भट्टीची, खोली सारखी, ठोकणारी पण मीच.

हे काही डोक्यातून जाईना. म्हणून वाळूवरच्या बाजूला दोन विटा काढून पहारीनं खाली उकरलं. वरची माती सुकून पापुद्रा धरलेला, आणि खाली वाळूत पाणी. ओल नाही हो, पाणी. मूठ दाबली की गळतंय. आणि त्याखालची काळी माती लोण्यासारखी मऊ, पहार स्वतःच्या वजनानं आत जात होती. तिकडं पपईकडं तेवढ्याच खोलीवर माती ओली होती पण घट्ट.

मग हळूहळू उलगडलं. काळ्या मातीत पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो, पण एकदा भेगा मिटल्या की पाणी मुरायचं जवळजवळ थांबतं, इतकी ती माती गच्च होते. अशा मातीत वाळूचा चर काढला म्हणजे आपण पाण्याला एक मोकळी जागा करून दिली, वरचं सगळं पाणी तिथं येऊन बसलं आणि बाहेर पडायला वाट कुठंच नाही. वाळू पाणी निचरते हे खरंय, पण निचरून ते जाणार कुठं, खाली तर काळी माती बूच लावून बसलीये. कोकणात जांभ्यावर किंवा मावळात लाल मातीत वाळू चालत असेल, मला माहीत असलेले सगळे वाळूवाले तिकडचेच आहेत. मग ते साचलेलं पाणी खालची माती फुगवतं, आणि सगळीकडे सारखी फुगवली तर काही बिघडत नाही, बॉर्डर अख्खी वर उचलली जाईल, पण फुगते ती कमी-जास्त, आणि ओळ वाकडी होते ती त्या कमी-जास्तनंच.

वाटेकडेच का झुकली, तर ते काम पावसाचं नाहीच, ते उन्हाळ्यातच झालं होतं. वाफ्यात ठिबक चालू, म्हणजे आतली बाजू ओली. वाटेवर पाणी नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये वाटेची माती आकसली आणि विटांच्या बाहेरच्या अंगाला बोटभर रुंद भेग पडली. विटेला त्या बाजूनं टेकाच राहिला नाही. भेगेत पाचट, शेणखताचा चुरा, बारीक खडे पडत राहिले. आता पाऊस आला, माती फुगली, भेग मिटायला गेली तर आत आधीच भराव, त्यामुळे माती परत मूळ जागी येतच नाही, ती वाट काढते आणि वीट ढकलते. दर वर्षी थोडी थोडी. काळं रान स्वतःला नांगरतं असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात ते हेच, वरचं भेगेतून खाली जातं आणि खालचं वर येतं. शेताला ते चांगलंय, बॉर्डरला नाही.

कडुनिंबाजवळचा पट्टा तर वेगळाच, तिथं विटा वर आल्या नाहीत, खाली बसल्यात. झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतं, माती आकसते, विटा खाली जातात. म्हणजे एकाच ओळीत एकीकडे चढ एकीकडे उतार. तिथं आता बॉर्डरच करायची नाही असं ठरवलंय, नुसती फावड्यानं कापलेली कड ठेवणार आणि दर दोन महिन्यांनी कापून घेणार, शून्य खर्च.

विटांबद्दल एक चांगली गोष्ट मात्र सांगते. वीट कच्ची असेल म्हणून हललीये असं कुणी म्हणू नये म्हणून तिची परीक्षा घेतली. कोरडी वीट किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केली (दुकानदार काकांनी काही विचारलं नाही, त्यांना सवय झालीये माझी), मग २४ तास पाण्यात बुडवली, पुसून परत वजन. साध्या भाजलेल्या विटेनं आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं आपलं भारतीय मानक सांगतं. माझी कोरडी २ किलो ९०० ग्रॅम भरली आणि भिजून ३ किलो ३५०, म्हणजे साडेपंधरा टक्के. पास! दुसऱ्या भट्टीची एक स्वस्तातली आणली होती ती २५ च्या वर गेली, आणि ठोकल्यावर तिचा आवाजही बद्द येत होता. त्यामुळे वीट घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज ऐका आणि जमलं तर घरी एक भिजवून बघा, रंगावर जाऊ नका, लालभडक वीट पण कच्ची निघते.

पण पक्की वीट असली तरी आमच्या बोअरच्या पाण्यात तिला लोणा लागतोच. पांढरी पावडर सुटते, मग पापुद्रे निघतात. गेरू-चुना दर सव्वीस जानेवारीला मारायची हौस असेल तर ठीक आहे.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवत नाही, बऱ्याच जणांनी आधी लिहिलंय. बांबू आमच्याकडे नको, खालून वाळवी, वरून भुंगा. ऑनलाइन मिळणारे हिरवे प्लास्टिकचे रोल हातात घेऊन बघितले, इतके पातळ की आमच्या ४२ डिग्रीत एक उन्हाळा काढतील की नाही शंका आहे, अतिनील किरणांपासून संरक्षणाबद्दल पाकिटावर एक अक्षर नाही, आणि किंमत बघा म्हणजे! उलट्या पुरलेल्या बाटल्या दिसतात छान, पण माझ्याकडे नातवंडं अनवाणी फिरतात, विषय संपला. रस्त्याकडेला बसवतात तसे सिमेंटचे कर्ब स्टोन टिकाऊ आहेत, मान्य, पण एकेक उचलायला दोन माणसं लागतात आणि एकदा कलंडला की परत सरळ करायला परत तीच दोन माणसं. लोखंडी पट्टी मला मनापासून आवडते, गोलाई काय सुरेख येते तिला, पण हिशेब करा: १०० मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी मीटरला २.३५ किलो भरते, म्हणजे फुटाला पाऊण किलोच्या जवळ, आजच्या भावानं पन्नासच्या आसपास जाते फूट, वर खुंट्या आणि वेल्डिंग वेगळं. आणि १०० मिमी म्हणजे चारच इंच, हरळी त्याच्या खालून आरामात जाते. सुंदर आहे पण माझ्या बजेटात नाही.

हरळीचं म्हणाल तर बॉर्डर घालायचं माझं निम्मं कारण तीच आहे. वरून धावे सोडते आणि खालून मुळ्या सोडते, दोन्हीकडून आत येते. विटांच्या फटीतून तर तिला राजमार्गच मिळाला होता. लव्हाळ्याबद्दल बोलूच नका, त्याच्या गाठी इतक्या खोल असतात की कुठलीही बॉर्डर त्याला थांबवत नाही, ज्यांना थांबवते असं वाटतं त्यांच्याकडे लव्हाळा नसावा.

मग शहाबादी. हे आमच्या नाकासमोर होतं. शहाबाद इथून रेल्वेनं वाडीच्या अलीकडे, कलबुर्गी जिल्ह्यात, त्यामुळे आमच्याकडे ही फरशी पुण्या-मुंबईपेक्षा बरीच स्वस्त पडते, जुन्या घरांत ओट्यापासून न्हाणीपर्यंत तीच असते. चुनखडीचा दगड आहे, त्याच पट्ट्यातल्या चुनखडीवर वाडीची सिमेंट फॅक्टरी चालते. होटगी रोडच्या बाजूला फरशीवाल्यांकडे गेले, अख्खी नवी फरशी चौरस फुटाला पंचवीस-तीसच्या घरात सांगितली, म्हटलं मला नवी नको, तुमच्याकडे कोपरे तुटलेल्या, चिरा पडलेल्या असतील त्या द्या. मालक कानडी-मराठी मिसळून बोलणारे, म्हणाले, "ताई, तुकडं न्या की, जागा तरी मोकळी होईल आमची." टेम्पोभर तुकडे, त्यांच्याच मशीनवर फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापून, भाड्यासकट फुटाला बारा रुपयांच्या आत बसले. तिरप्या विटांना फुटाला तीन विटा लागतात, नगाला नऊ धरले तरी सत्तावीस होतात. घेताना जाडी बघून घ्या, मी इंचाच्या खालचा तुकडा एकही घेतला नाही, पातळ पट्टी उभी पुरली आणि फावडं लागलं की थरातून सुटते. कडप्पा पण दाखवत होते, काळाभोर, पण आमच्या उन्हात तो तव्यासारखा तापतो आणि वाफ्यातली कडेची रोपं भाजतात, शिवाय काळा रंग वर्षा-दोन वर्षांत राखाडी होतोच. आणि हो, शहाबादी असो की कडप्पा, ॲसिडनं धुऊ नका, चुनखडी आहे, खाऊन टाकतं.

पट्ट्या आल्या, पण मुख्य प्रश्न तोच राहिला की खाली काय. दगड बदलला म्हणून माती बदलत नाही. गवंडी मामा येऊन बघून गेले, म्हणाले, "वैनी, खाली कॉंक्रीटचा पट्टा मारू, सहा इंचाचा, मग बघू कसं हलतंय." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण आमच्या गल्लीत काळ्या मातीवरच्या कंपाउंड वॉलना पडलेल्या तिरप्या चिरा बघा, त्या भिंतींखाली पण कॉंक्रीटच आहे. भिंतीचं वजन असून माती तिला उचलते, माझ्या सहा इंची पट्ट्याचं काय घेऊन बसलात. कॉंक्रीट वाकत नाही, तडकतं, आणि तडकलेलं दुरुस्त करायचं म्हणजे फोडणं आलं. सुटी पट्टी वाकडी झाली तर पहारीनं सरळ करता येते, चहा उकळेपर्यंत.

म्हणून मुरूम. काळ्या मातीतल्या बांधकामाचा हा जुनाच उपाय आहे, आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी कालव्यांसाठी यावर मोठं काम केलं, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर द्यायचा, म्हणजे खालची माती शांत राहते. यातला 'चिकट' शब्द महत्त्वाचा. वाळू पण फुगत नाही, पण ती चिकट नाही आणि पाणी आत घेते. चांगला मुरूम धुमसून दाबला की पाणी फारसं आत घेत नाही. तिथं थर खूप जाड असतो, आपल्याला काय कालवा बांधायचा नाही.

पण मुरूम मुरमात फरक असतो आणि ट्रॅक्टरवाला जे आणून टाकेल ते मुरूमच असेल याची खात्री नाही. म्हणून एक घरगुती परीक्षा केली आणि तिचा मला फार म्हणजे फारच आनंद झालाय, तो जरा सहन करा. स्टीलच्या तीन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत काळी माती, एकीत मुरूम चाळून, एकीत दोन्ही निम्मं निम्मं, सगळं पाणी घालून श्रीखंडाएवढं घट्ट कालवलं, काठापर्यंत भरून गच्चीवर वाळत ठेवलं. वाळल्यावर काळी माती वाटीच्या कडेपासून चक्क करंगळी जाईल इतकी सुटली आणि मधून तीन तुकडे झाले. मुरूम जागचा हलला नाही, वाटी उपडी केली तरी पडेना. आणि निम्मं निम्मं मिश्रण? तेही सुटलंच, कमी, पण सुटलं. म्हणजे चरातली निघालेली माती मुरमात मिसळून परत भरायची कंजुषी करायची नाही. पहिल्या ट्रॉलीतला नमुना असाच नापास झाला होता, त्यात खालचा काळा थर खरवडून आलेला, ती ट्रॉली वाटेच्या टोकाला पसरवायला लावली आणि दुसरीकडून मागवली. वाटीचा प्रयोग सगळ्यांनी करा, मुरूम उतरवून घेण्याआधी करा.

सध्या केलंय ते असं. चर दहा इंच रुंद, फूटभर खोल, आणि तळाला कंपाउंडच्या गटाराकडे उतार. हा उतार विसरू नका, काही झालं तरी पाण्याला बाहेर पडायची वाट हवी. पाच इंच मुरूम दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसनं (माती दाबायच्या जड ठोकण्यानं) ठोकून. त्यावर पट्टी उभी, सात इंच मातीत, पाच इंच वर. दोन्ही बाजूंना परत मुरूम, परत ठोकाठोकी. पट्टी बसवताना रबरी हातोडाच वापरा, लोखंडी हातोड्यानं वरचा काठ उडतो.

दोन पट्ट्यांमध्ये सिमेंट भरायचं हा मूळ प्लॅन होता, मागे तसं लिहिलं पण होतं, तो रद्द. थोडं हलायला जागा पाहिजे, म्हणून एका नाण्याएवढी फट सोडली. पण फट सोडली की हरळी आली. यावर दोन दिवस डोकं खाल्लं आणि मग कापून उरलेले जे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे तुकडे पडले होते ते प्रत्येक जोडाच्या मागे, वाफ्याच्या बाजूनं, उभे लावून टाकले, कौलं एकावर एक चढवतात ना तसं. जोड झाकला, पट्टीला हलायला जागा राहिली, आणि कचरा म्हणून फेकायचे तुकडे कामाला आले. गवंडी मामा बघून म्हणाले, "हे बेस केलं." मामा सहजासहजी असं म्हणत नाहीत, त्यामुळे नोंद करून ठेवते.

ठिबकची लॅटरल, म्हणजे थेंब सोडणारी नळी, पण हलवली. आधी बॉर्डरपासून सहा-सात इंचांवर होती. काळ्या मातीत थेंब खाली कमी आणि आडवा जास्त पसरतो, म्हणजे मी रोज सकाळी बॉर्डरचं एक अंग भिजवत होते. आता दीड फूट आत घेतलीये आणि कडेची झेंडू-शेवंतीची ओळ पण आत सरकवली. वाटेच्या बाजूला उसाचं पाचट जाड पसरलंय, हेतू हा की उन्हाळ्यात वाटेची माती इतकी वाळूच नये की भेग पडेल. दोन्ही अंगांची ओल जितकी सारखी राहील तितकी पट्टी कमी हलेल, माझा आता यावरच भर आहे.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. पट्टी उभी आहे तशीच वाटेच्या बाजूनं तिला लागून एक आडवी पट्टी जमिनीच्या लेव्हलला टाकली तर? एक तर तिच्याखालची ओल टिकेल, म्हणजे भेग पट्टीपासून लांब, वाटेच्या मध्ये जाऊन पडेल. आणि हरळीचे धावे दगडावर उघडे पडतील, खुरप्याची गरज नाही, नुसते झाडूनं ओढून काढायचे. तुकडे अजून ढीगभर पडलेत. आधी वाटलं होतं पुढच्या आठवड्यात लसणाच्या वाफ्याची बॉर्डर सुरू करेन, ते आता थांबवते, गेटकडचे पंधरा फूट आधी असे आडव्या पट्टीसकट करून बघणार आणि उरलेले नुसत्या उभ्या पट्टीचे ठेवणार. दोरी तशीच बांधलेली आहे, मेअखेर मापं टाकते.

काढलेल्या विटा कंपोस्टच्या हौदाला लावल्यात, तिथं हलल्या तरी कुणाचं काही जात नाही.

राहिला तो पेरूच्या आळ्याभोवतीचा गोल. तिथं सरळ पट्ट्या बसत नाहीत, बारीक तुकडे केले तर जोडच जोड होतात. ९० मिमीचा काळा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप उभा चिरून, उलगडून, त्याची पट्टी करून बसवावी असं मनात आहे. काळ्या पाइपात कार्बन असतो म्हणून उन्हात टिकतो, बोअरवाल्यांकडे जुने तुकडे पडून असतात आणि वाटाघाटीत स्वस्त मिळतात. पण चिरल्यावर तो परत गोल व्हायला बघतो, ऊन दाखवून सरळ होतो की गरम पाणी ओतावं लागतं? कुणी केलं असेल तर किती जाडीचा घेतला आणि खुंट्या किती अंतरावर मारल्या ते जरूर सांगा, शनिवारी बाजारात जायचंय.